लक्ष्य, लक्षण आणि आजचा विद्यार्थी

पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. ज्यास घट पाहिजे असतो तो कुंभाराच्या घरीं जातो व घट करून मागतो. पण ज्यास शब्द पाहिजे असतो तो वैयाकरणाच्या दारीं जाऊन शब्द घडवून मागत नाहीं. शब्द लोकांच्या तोंडीं अगोदरच असतात. वैयाकरण मागाहून येतो, ते ऐकतो आणि त्यांतून नियम काढतो. लोकांत चालणारा शब्द तें लक्ष्य आणि त्यावरून बांधलेला नियम तें लक्षण, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या शाळा-महाविद्यालयांतून मात्र ही व्यवस्था बहुधा उलटी चालते. तेथें लक्षण अगोदर पाठ करवितात आणि लक्ष्य, वेळ उरलाच तर, उदाहरण म्हणून दाखवितात.

अलीकडे कांहीं विद्यापीठांतून भाषेच्या वर्गांत जी एक पद्धति येऊं लागली आहे, ती ही उलटी व्यवस्था सुलटी करूं पाहते. लक्षावधि शब्दांचें खरेंखुरें लेखन संगणकांत सांठवावयाचें. विद्यार्थ्यानें त्यांत एखादा शब्द शोधावयाचा. तो शब्द मधोमध आणि त्याच्या दोहों बाजूंस चार-पांच शब्द अशा ओळींची रांग पुढें घ्यावयाची. आणि त्या रांगेवरून त्या शब्दाचा नियम आपला आपण काढावयाचा, असें तिचें स्वरूप आहे. ह्या सांठ्यास इंग्रजींत कॉर्पस म्हणतात. आम्ही त्यास भाषासंचय म्हणूं. पद्धति चांगली कीं वाईट ह्याविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. ज्यांच्यासाठीं ती काढली त्या विद्यार्थ्यांचें तिच्याविषयीं काय मत आहे, आणि त्या मताचें मोल किती, हें ह्या लेखांत आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम थोडा इतिहास. १९६१ सालीं अमेरिकेंत छापल्या गेलेल्या इंग्रजी लेखनांतून प्रत्येकीं सुमारें दोन हजार शब्दांचे पांचशें उतारे निवडून ब्राउन विद्यापीठांत फ्रान्सिस व कुचेरा ह्यांनीं दहा लक्ष शब्दांचा संगणकीय संचय सिद्ध केला. इंग्लंडांत बर्मिंगहॅम विद्यापीठांत जॉन सिंक्लेअर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९८० पासून झालेल्या अशाच कामांतून १९८७ सालीं एक कोश निघाला. आणि त्याच विद्यापीठांतील टिम जॉन्स ह्यांनीं ह्या ओळींचीं पानें थेट विद्यार्थ्यांच्या हातीं दिलीं. विद्यार्थ्यानें संशोधक व्हावें आणि शिक्षकानें त्याचा साहाय्यक व्हावें, हा जॉन्स ह्यांचा आग्रह होता. आपल्याकडे ह्या बाबतींत कांहींच झालें नाहीं असें मात्र नव्हे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत एस. व्ही. शास्त्री ह्यांनीं १९७८ सालच्या भारतीय इंग्रजी लेखनाचा, ब्राउनच्याच धर्तीवर, पांचशें उताऱ्यांचा व दहा लक्ष शब्दांचा संचय केला. तो १९८६ सालीं अभ्यासकांस उपलब्ध झाला. पुढें १९९१ च्या सुमारास केंद्र सरकारनें भारतीय भाषांचे संचय करविण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां मराठीचा भाग पुण्याच्या डेक्कन कॉलेजाकडे आला.

संगणक बाजूस ठेवला तर हा मार्ग आमच्या लोकांस मुळींच परका नाहीं. मोरो केशव दामले ह्यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं निघालें. त्याचें खरें वैभव त्यांतील सूत्रांत नसून सूत्रांखालीं दिलेल्या उदाहरणांत आहे. दाते व कर्वे ह्यांनीं १९३२ ते १९३८ ह्या अवघ्या सहा-सात वर्षांत ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले. त्यांत शब्दाचा अर्थ देऊन ते थांबले नाहींत. ग्रंथांतील व लोकव्यवहारांतील अवतरणें त्यांनीं दिलीं आणि अनेक शब्दांपुढें तो कोणत्या प्रांतांतला ह्याची खूणहि केली. डेक्कन कॉलेजांत डॉ. कत्रे ह्यांनीं १९४८ सालीं आरंभिलेल्या संस्कृत कोशासाठीं सुमारें दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटि चिठ्ठ्या काढल्या गेल्या. चिठ्ठीवर शब्द, त्याचें वाक्य आणि त्याचें स्थळ. संचय ह्याहून निराळा तो काय असतो? आणि आम्ही राहतों त्या नारायण पेठेंत तर केसरीवाडाच आहे. १८८१ पासूनचा केसरी हा मराठी गद्य कसें बदलत गेलें ह्याचा तारखांच्या क्रमानें रचलेला संचयच होय. मात्र त्याकडे त्या दृष्टीनें पाहणारा विद्यार्थी विरळा.

ह्याच पेठेंत आमच्या घरीं गेल्या वर्षीं दर रविवारीं सकाळीं पांच-सहा विद्यार्थी जमत असत. कोणी मराठीचे, कोणी इंग्रजीचे, सगळे पदव्युत्तर वर्गांतले. आणि बहुतेक जवळपासच्या खोल्यांत भाड्यानें राहणारे. त्यांच्या अभ्यासक्रमांत ही पद्धति नुकतीच आली होती आणि तिच्यासंबंधीं त्यांच्या मनांत कुतूहलापेक्षां कुरकुरच अधिक होती. म्हणून आम्हीं ठरविलें कीं निदान कांहीं महिने त्यांच्यासह आपणहि ती करून पाहावी.

आरंभ चांगला झाला. शाळेंत ‘नजर’ आणि ‘दृष्टि’ हे समानार्थी शब्द म्हणून सर्वांनीं पाठ केलेले होते. संचयांतून दोहोंचीं चाळीस-चाळीस वाक्यें काढून तीं समोर ठेवलीं, तेव्हां अर्ध्या तासांत मंडळी आपण होऊनच बोलूं लागली. नजर चुकवितां येते, दृष्टि चुकवीत नाहींत. माणसावर नजर ठेवतात. त्याच्यावर दृष्टि ठेवली तर तो अर्थ राहत नाहीं. एखादी वस्तु नजरेसहि पडते आणि दृष्टीसहि पडते. पण विचार करण्याचा कोन मात्र दृष्टीचाच असतो. मुलाला नजर लागते तशी दृष्टहि लागते. परंतु मीठमोहऱ्यांनीं काढतात ती दृष्टच. ‘समानार्थी’ ह्या शब्दावरचा त्यांचा विश्वास त्या दिवशीं जो उडाला तो बसला नाहीं, आणि तो उडाला हें आम्ही त्या वर्षाचें मोठें फळ समजतों. कोणत्याहि व्याख्यानानें हें काम इतक्या लवकर झालें नसतें.

पुढच्या रविवारांपासून मात्र तक्रारी सुरू झाल्या. त्या तीन प्रकारच्या होत्या, आणि तिन्हींचा विचार निरनिराळा केला पाहिजे.

पहिली तक्रार वेळाची. “सर, ह्या चाळीस ओळी वाचून जें कळतें तें तुम्ही एका वाक्यांत सांगा ना,” असें एका हुशार मुलानें स्पष्टच म्हटलें. हा आळस नव्हे. ज्या परीक्षेची तो तयारी करीत होता, तिच्यांत त्यानें नियम कसा काढला हें कोणी विचारणार नव्हतें. नियम काय आहे एवढेंच विचारणार होतें. अप्पा बळवंत चौकांत जा. अपेक्षित प्रश्नांचे संच आणि त्यांचीं तयार उत्तरें ह्यांच्या थप्प्या दुकानादुकानांतून लागलेल्या दिसतील. आमच्या पेठेंतल्या अभ्यासिकांत पहांटेपासून रात्रीपर्यंत बसणारीं मुलें उत्तरांचा अभ्यास करितात, प्रश्नांचा नव्हे. अशा मुलास पुरावा देऊन निकाल त्याच्यावर सोपविला तर त्यास तो उपकार न वाटतां छळ वाटला, ह्यांत नवल काय? दोष त्याच्या वृत्तीचा थोडा आणि प्रश्नपत्रिकेचा फार आहे.

दुसरी तक्रार तुटक्या वाक्यांची. ओळींत शब्दाच्या आजूबाजूचे चार-पांच शब्दच दिसतात. वाक्य अर्ध्यावर तुटतें आणि अर्थ लागत नाहीं, असें सर्वच म्हणत. ही तक्रार परदेशांतील विद्यार्थ्यांचीहि आहे. तथापि मराठींत ती अधिक न्याय्य आहे, आणि ह्याचें कारण आमच्या पंडितांनीं पुरतें लक्षांत घेतलेलें दिसत नाहीं. इंग्रजी वाक्यांत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येतें. मराठींत तें शेवटीं बसतें. इंग्रजीसाठीं आंखलेल्या खिडकींतून मराठी वाक्य पाहिलें तर कर्ता दिसतो, कर्म दिसतें आणि ज्यावर सारें अवलंबून तें क्रियापद चौकटीबाहेर राहतें. दुसरें असें कीं इंग्रजी शब्द फारसा रूप बदलीत नाहीं. मराठींत ‘पाणी’ शोधणाऱ्यास ‘पाण्याला’, ‘पाण्यांत’ हीं रूपें सांपडत नाहींत. ‘माणूस’ शोधला तर ‘माणसाचा’ हातचा जातो. तिसरी अडचण लेखनाची. साहित्य महामंडळाच्या नियमांनीं १९६२ सालीं बरेच अनुस्वार गेले. आम्हीं ह्या लेखांत ते जुन्या संवयीनें ठेवले आहेत. परंतु संगणकास ‘असें’ आणि ‘असे’ हे दोन निराळे शब्द वाटतात. शब्दांचीं सर्व रूपें मूळ शब्दाखालीं आणून बसविल्याशिवाय आणि जुनें-नवें लेखन जुळविल्याशिवाय मराठीचा संचय विद्यार्थ्याच्या हातीं देणें म्हणजे दांडा नसलेली कुदळ देऊन विहीर खण म्हणण्यासारखें आहे. त्यानें कुदळ टाकली तर त्यास नांवें ठेवण्याचा अधिकार देणाऱ्यास नाहीं.

तिसरी गोष्ट तक्रारीहून भ्रमाच्या स्वरूपाची होती, आणि आम्हांस तीच अधिक महत्त्वाची वाटते. ‘मला मदत कर’ कीं ‘माझी मदत कर’ असा वाद एके दिवशीं निघाला. आमच्या कानास दुसरा प्रयोग हिंदीच्या संसर्गाचा वाटतो आणि आम्हीं तसें सांगितलें. त्यावर एकानें लगेच अलीकडील लेखनांतून दुसऱ्या प्रयोगाचीं वाक्यें काढून समोर ठेवलीं आणि म्हणाला, “लोक लिहितात, म्हणजे तें बरोबरच.” दुसऱ्यानें तितक्याच ठामपणें सांगितलें कीं सरांनीं चूक म्हटलें म्हणजे चूक, संचयांत चुकाच भरल्या असतील. एकानें संख्येस गुरु केलें, दुसऱ्यानें गुरूस प्रमाण मानलें. पुराव्याचा विचार दोघांनींहि केला नाहीं. तीं वाक्यें कोणाचीं, कोणत्या सालचीं, बातमींतलीं कीं कथेंतलीं, भाषांतरांतलीं कीं स्वतंत्र, हें विचारणें हाच ह्या पद्धतीचा प्राण आहे. संख्या काय चालतें तें सांगते. काय चालावें तें सांगत नाहीं. परंतु काय चालावें हें सांगणाऱ्यानेंहि आपला कान कोणत्या पुराव्यावर तयार झाला हें कबूल केलें पाहिजे.

ही कबुली देण्याची पाळी आमच्यावरच आली. मंडळींत नागपूरकडील एक मुलगी होती. ती बोलतांना सहज ‘तो जेवून राहिला’, ‘मी वाचून राहिली’ असें म्हणे, आणि इतर हंसत. पहिले कांहीं रविवार ती बोलेनाशीच झाली होती. तिनें आपला प्रयोग छापील संचयांत शोधला तेव्हां तिला तो जवळजवळ सांपडलाच नाहीं. इतरांस हें आपल्या हंसण्याचें समर्थन वाटलें. वस्तुतः त्यावरून एवढेंच सिद्ध होत होतें कीं मुद्रित मराठी बव्हंशीं ज्या लोकांनीं लिहिली, संपादिली आणि तपासली, ते असें बोलत नव्हते. संचयांत जें नाहीं तें भाषेंत नाहीं असा निष्कर्ष काढणें म्हणजे पेठेंतल्या गल्लींतून नदी दिसत नाहीं म्हणून मुठा नाहीं असें म्हणणें होय. आम्हींहि वर्षानुवर्षें हा प्रयोग हिंदीची नक्कल म्हणून लाल शाईनें खोडला आहे. संचयावर विसंबणारा आणि पुणेरी कानावर विसंबणारा, दोघेहि येथें एकाच ठिकाणीं चुकले; कारण दोघांचेंहि भांडवल तेंच छापील पान. शेवटीं आम्हीं दाते-कर्व्यांचा कोश काढून तिच्यापुढें ठेवला आणि शब्दांपुढील प्रांतांच्या खुणा दाखविल्या. वऱ्हाडचा, गोव्याचा, कोंकणचा शब्द त्या लोकांनीं पुण्यांत बसून मानानें नोंदला होता. तिनें तें पान बराच वेळ वाचलें.

आतां विद्यार्थ्यांच्या मताच्या मोलाविषयीं. यून आणि हर्वेला ह्या दोघां अभ्यासकांचा एक निबंध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील एका विद्यापीठांत इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस ही पद्धति कशी वाटली हें त्यांनीं पाहिलें. एकंदरींत ती उपयोगी वाटली, लिहिण्याचा धीर वाढला, परंतु वेळ व श्रम फार लागतात, असा त्या मतांचा सारांश. त्यानंतर देशोदेशीं अशा पाहण्या पुष्कळ झाल्या आणि त्यांचा सूर साधारण हाच आहे. आमच्या रविवारच्या मंडळींचाहि ह्याहून निराळा नव्हता. अशा पाहण्या व्यर्थ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण ‘तुम्हांस आवडलें काय’ ह्या प्रश्नाचें उत्तर ‘तुम्हांस कळलें काय’ ह्या प्रश्नाचें उत्तर नव्हे. जो मुलगा वेळाविषयीं सर्वांत अधिक कुरकुरत असे, त्यानेंच पुढें आपल्या निबंधांत ‘दृष्टि’ आणि ‘नजर’ इतक्या नेमक्या जागीं वापरलीं कीं आम्ही थक्क झालों. आणि ज्यास पद्धति फारच आवडली होती, तो केवळ संगणकावर बोटें चालवावयास मिळतात म्हणून खूष होता. आवड ही शिक्षणाची सोबतीण आहे. ती त्याची साक्षीदार नव्हे.

पद्धतीचे कैवारी जो दावा करितात त्यासहि कांहीं मर्यादा घातली पाहिजे. सगळे नियम विद्यार्थ्यानेंच शोधून काढावे हा हट्ट अव्यवहार्य आहे. ह्याविषयींहि पतंजलीनेंच एक आख्यायिका सांगून ठेविली आहे. बृहस्पतीसारखा गुरु, इंद्रासारखा शिष्य आणि अध्ययनास देवांचीं सहस्र वर्षें. तरी एकेक शब्द सांगत गेल्यानें शब्दांचा अंत लागला नाहीं. मग अल्पायुषी माणसानें काय करावें? म्हणून सामान्य नियम आणि त्याचा अपवाद ह्यांची योजना करावी लागते. कोटि शब्दांचा सांठा हें बृहस्पतीचें पठण आहे. त्यांतून थोडक्यांत पार पडण्यास लक्षणाची होडी लागतेच. उलट, लक्ष्य न पाहतां केवळ लक्षण घोकणारा मनुष्य होडींत बसलेला खरा, पण ती काठावरच बांधलेली. दोन्ही हवींत, क्रम मात्र पतंजलीचाच हवा.

ह्यावर आमच्या सूचना थोड्या आहेत. पहिली, विद्यार्थ्यास आरंभीं अथांग सांठ्यांत न लोटतां शिक्षकानें वीस-पंचवीस पूर्ण वाक्यें निवडून कागदावर द्यावीं. संगणक मागाहून यावा. दुसरी, प्रत्येकानें निदान पन्नास चिठ्ठ्या स्वहस्तें काढाव्या, मग त्या केसरीच्या जुन्या अंकांतून असोत वा घरच्या बोलण्यांतून. शब्द, वाक्य, बोलणारा, गांव, तारीख. संचय कोणीतरी केलेला असतो आणि करणाराच्या निवडीनें तो वांकतो, हें चिठ्ठी काढल्यावांचून कळत नाहीं. तिसरी आणि मुख्य सूचना परीक्षकांस. प्रश्नपत्रिकेंत एक तरी प्रश्न असा घाला कीं ज्यांत पंधरा वाक्यें देऊन त्यांवरून नियम काढावयास सांगितला आहे, आणि नियमापेक्षां तो काढण्याच्या रीतीस अधिक गुण आहेत. एवढें झालें तर ह्या पद्धतीविषयींचें विद्यार्थ्यांचें मत एका वर्षांत पालटेल. न झालें तर कितीहि संचय करा, अप्पा बळवंत चौकांत त्यांचींहि तयार उत्तरें विकत मिळूं लागतील.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद सर्वांस झाला, तसा आम्हांसहि झाला. परंतु जिचे विद्यार्थी तिचीं वाक्यें मोजीत नाहींत, पारखीत नाहींत आणि टिपीत नाहींत, त्या भाषेचा मान राजपत्रांत राहतो. वर्गांत तो पोंचत नाहीं.

नागपूरकडील ती मुलगी दिवाळीच्या सुटींत घरीं गेली आणि येतांना आजीच्या बोलण्याच्या साठ-सत्तर चिठ्ठ्या घेऊन आली. दहा लक्षांच्या हिशेबीं ही संख्या कांहींच नव्हे. पण त्या एकापुढें एक मांडल्यावर आम्हांस दिसलें कीं आजी रोजच्या क्रमाविषयीं बोलतांना ‘करते’ म्हणते आणि त्या घटकेस चाललेल्या कामाविषयीं बोलतांना ‘करून राहिली’ म्हणते. सबंध गठ्ठ्यांत हा भेद तिनें एकदांहि मोडलेला नाहीं. हें रूप हिंदीच्या शेजारानें आलें असेल वा नसेल. तें अडाणीपणाचें खास नाहीं, कारण त्यास नियम आहे. नियम त्या मुलीनें काढला आणि आम्हीं तो ऐकून घेतला. त्या रविवारीं कोणी हंसलें नाहीं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिनें आमच्याकडेच ठेविला आहे, आणि ‘करून राहिला’ ह्या प्रयोगावर लाल शाई चालविण्याचें आम्हीं तेव्हांपासून बंद केलें आहे.